नेपाळ पेटलं तेव्हा पर्यटकांचं काय झालं? परदेशात अडकल्यावर कोण किती मदत करतं?

९ सप्टेंबर २०२५, मंगळवारची दुपार. काठमांडूच्या आकाशात धुराचे लोट दिसत होते. संसद भवन पेटलं होतं. 'सिंहदरबार' म्हणजे नेपाळचं मंत्रालय. तेही पेटलं होतं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीतूनही धूर निघत होता. पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला आणि त्याच दुपारी त्रिभुवन आंतरराष्ट्रीय विमानतळ बंद करण्यात आलं. भारतातून काठमांडूकडे निघालेली काही विमानं वाटेतूनच परत फिरवावी लागली.

देशात सरकार कोणाचं आहे, हेच त्या क्षणी कुणाला नीट सांगता येत नव्हतं. पण शहरातल्या हॉटेलांमध्ये हजारो परदेशी पाहुणे होते. पशुपतिनाथाच्या दर्शनाला आलेली मंडळी होती, पोखऱ्याहून परतणारी कुटुंबं होती, ट्रेकर होते, कैलास मानसरोवर करून नेपाळमार्गे घरी निघालेले यात्रेकरू होते. त्यात महाराष्ट्रातले शंभराहून अधिक पर्यटक होते. ठाणे, पुणे, अकोला अशा वेगवेगळ्या जिल्ह्यांतून गेलेले.

यातल्या बहुतेकांचा नेपाळच्या राजकारणाशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही पुढचे दोन-तीन दिवस त्यांचं खाणं, झोपणं, घरी परतणं सगळं त्या राजकारणावर अवलंबून राहिलं.

हे सगळं इतक्या झटपट कसं झालं?

४ सप्टेंबरला नेपाळ सरकारने फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, यूट्यूब, एक्स यांच्यासह २६ ॲप्स आणि संकेतस्थळांवर बंदी घातली. या कंपन्यांनी देशात नोंदणी केली नाही, असं कारण देण्यात आलं. पण तरुणांचा राग नुसता बंदीवर नव्हता. नेत्यांच्या मुलांची ऐशआरामी राहणी दाखवणारे व्हिडिओ त्याआधीच फिरत होते. भ्रष्टाचार आणि बेरोजगारीवरचा राग साठलेला होता. बंदीने ठिणगी पडली, इतकंच.

८ सप्टेंबरला काठमांडूत 'जेन झी' म्हणवणारी पोरं रस्त्यावर आली. पोलिसांनी गोळीबार केला आणि एका दिवसात १९ जण मेले. रात्री सरकारने बंदी मागे घेतली, पण तोवर वेळ निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी सत्ता कोसळली. त्या आठवड्यातल्या हिंसाचारात एकूण सत्तरहून अधिक माणसं मेली.

पर्यटकाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेग. सोमवारी सकाळी जे आंदोलन 'शहराच्या एका भागात ट्रॅफिक जाम असेल' इतकंच वाटत होतं, ते मंगळवारी दुपारपर्यंत देश बंद करून बसलं. मध्ये जेमतेम तीस तास होते. युद्धाचे ढग बऱ्याचदा आधी जमतात, दूतावास सूचना काढतात, लोकांना निघायला वेळ मिळतो. रस्त्यावरचा उद्रेक तशी सवड देत नाही.

हॉटेलात थांबायचं की निघायचं?

अशा वेळी प्रत्येक गटात हाच वाद होतो. एक म्हणतो गाडी करून सीमेवर जाऊ, दुसरा म्हणतो इथेच दार लावून बसू.

नेपाळच्या बाबतीत उत्तर सोपं नव्हतं. सर्वसाधारण सल्ला 'आहात तिथेच थांबा' असा असतो आणि काठमांडूतल्या भारतीय दूतावासानेही रस्त्यावर जाऊ नका, घरातच थांबा असंच सांगितलं होतं. पण जमावाने काही मोठी हॉटेलंही सोडली नाहीत. काठमांडूतलं हिल्टन जळालं. एका मोठ्या हॉटेलला आग लागल्यावर वरच्या मजल्यावरून सुटका करून घेताना एका भारतीय महिला पर्यटकाचा जीव गेला. पोखऱ्यातून एका भारतीय तरुणीने व्हिडिओ टाकून मदत मागितली. आपण राहत होतो त्या हॉटेललाच आग लावली, असं ती त्यात सांगत होती.

तरीही आकडे पाहिले तर थांबलेलेच बहुतांशी सुरक्षित राहिले. जमावाचा रोख पर्यटकांवर नव्हता. सरकारी इमारती, नेत्यांची घरं, पोलीस चौक्या आणि सत्तेतल्या लोकांशी लागेबांधे असल्याचं बोललं जाणारे मोठे उद्योग हे लक्ष्य होते. भाटभटेनी या सुपरमार्केट साखळीच्या अनेक शाखा लुटल्या आणि जाळल्या गेल्या त्या याच लाटेत. ठमेलच्या गल्लीतल्या छोट्या लॉजवर कुणाचा राग असण्याचं कारण नव्हतं. म्हणजे अशा वेळी चकचकीत हॉटेल जास्त सुरक्षित असतं हा समज खरा ठरेलच असं नाही. ते कुणाच्या मालकीचं आहे आणि कोणत्या चौकात आहे, यावर बरंच ठरतं.

मंगळवारी रात्री दहाच्या सुमारास नेपाळी सेनेने सुरक्षेचा ताबा घेतला आणि देशभर संचारबंदी लागली. बुधवारी, १० तारखेला संध्याकाळी विमानतळ पुन्हा सुरू झालं. संचारबंदीतही विमानाचं तिकीट आणि ओळखपत्र दाखवणाऱ्यांना विमानतळाकडे जाऊ दिलं जात होतं. फोनमधलं तिकीट म्हणजेच संचारबंदीचा पास झाला. ज्यांचं तिकीट रद्द होऊन नवं मिळालेलं नव्हतं, त्यांच्याकडे मात्र नाक्यावर दाखवायला काहीच नव्हतं.

फोन चालू होता, हे नशीब

या गोष्टीतला एक विरोधाभास फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. आंदोलन सुरू झालं सोशल मीडियावरच्या बंदीमुळे. पण ती बंदी ८ तारखेच्या रात्री उठली नसती, तर ९ तारखेला अडकलेल्यांना घरच्यांशी बोलणंही कठीण झालं असतं. 'आम्ही बरे आहोत' हे सांगायला बहुतेकांनी व्हॉट्सॲपच वापरलं. दूतावासाच्या हेल्पलाइनही व्हॉट्सॲपवर होत्या.

बांगलादेशात जुलै २०२४ मध्ये नेमकं उलटं झालं होतं. सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले. १८ जुलैला सरकारने इंटरनेट तोडलं आणि १९ च्या मध्यरात्रीपासून संचारबंदी लावली. तेव्हा तिथे सुमारे १५ हजार भारतीय होते. त्यातले साधारण साडेआठ हजार विद्यार्थी होते, बरेचसे वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेले. त्यांच्या आईवडिलांना कित्येक तास मुलाचा आवाज ऐकायला मिळाला नाही. ॲपवरून पैसे पाठवायची सोय नाही, नकाशा उघडत नाही, तिकीट काढता येत नाही. अशा अवस्थेत अनेक विद्यार्थी गाड्या करून सीमेवर आले. कुणी आखौऱ्याहून आगरतळ्यात, कुणी मेघालयात डावकीला, कुणी पश्चिम बंगालमधल्या नाक्यांवर. काही भागांत पोलीस बंदोबस्तात गाड्यांचे ताफे काढण्यात आले.

दोन्ही ठिकाणी अशांतताच होती, पण अडकलेल्या माणसाचा अनुभव पूर्ण वेगळा. इंटरनेट बंद झाल्यावर ज्याच्याकडे दूतावासाचा नंबर कागदावर लिहिलेला असतो, साधा कॉल करता येईल इतका बॅलन्स असतो आणि थोडी रोकड असते, तो बाकीच्यांपेक्षा कितीतरी पुढे असतो. गंमत म्हणजे यातली एकही गोष्ट महाग नाही.

रोकडीचा आणखी एक पेच नेपाळमध्ये होता. तिथे भारतीय रुपये सर्रास चालतात असं मानून अनेकजण पाचशेच्या नोटा घेऊन जातात. पण २०१८ च्या डिसेंबरपासून तिथे शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी होती आणि सप्टेंबर २०२५ मध्येही तीच स्थिती होती. एरवी दुकानदार काणाडोळा करतो. दुकानच बंद असेल, एटीएमवर रांग असेल, तर पाचशेच्या नोटेचा उपयोग काय?

फोन चालू असण्याची दुसरी बाजूही होती. लोक मंदिराच्या दारावर चढत असल्याचा एक व्हिडिओ 'पशुपतिनाथावर हल्ला' म्हणून भारतात धडाधड फिरला. पडताळणीत तो एका जत्रेतला निघाला. ज्यांची माणसं तिथे अडकली होती, त्यांनी तो पाहून काय वाटून घेतलं असेल याचा विचार फॉरवर्ड करणाऱ्यांनी केला नसावा.

सीमा उघडी आहे, पण

भारत-नेपाळ सीमा ही जगातल्या मोजक्या खुल्या सीमांपैकी एक. १९५० च्या शांतता आणि मैत्री करारापासून दोन्हीकडच्या नागरिकांना व्हिसाशिवाय ये-जा करता येते. त्यामुळे विमानतळ बंद झाल्यावर रक्सौल, सोनौली किंवा पानीटंकीमार्गे रस्त्याने निघायचा पर्याय अनेकांनी निवडला. सशस्त्र सीमा बलाचे जवान ओळखपत्र तपासून भारतीयांना आत घेत होते.

ओळखपत्र हा शब्द इथे नीट वाचायला हवा. त्याच दोन दिवसांत नेपाळच्या तुरुंगांमधून १३ हजारांहून अधिक कैदी पळाले. त्यातले काहीजण भारतात शिरू पाहत होते आणि सीमेवर पकडले जात होते. अशा आठवड्यात जो माणूस कागदाशिवाय नाक्यावर येतो, त्याच्याकडे जवान संशयाने पाहणारच. 'नेपाळला पासपोर्ट कशाला लागतो' म्हणून तो कपाटात ठेवून जाणाऱ्यांची अडचण इथे होते. विमानाने नेपाळला जाणाऱ्या भारतीयाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्ड फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या प्रवाशांना चालतं. रस्त्याने जाताना एरवी फारसं कुणी विचारत नाही, म्हणून सवय लागते. ती सवय अशा दिवशी महागात पडते.

पासपोर्ट हरवला किंवा हॉटेलच्या आगीत जळाला तर दूतावास 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' देतो. ते फक्त भारतात परत येण्यापुरतं, एका फेरीसाठी असतं. त्यासाठी सहसा पोलीस तक्रारीची प्रत मागतात. आता पोलीस चौक्याच जळाल्या असतील तर तक्रार कुठे नोंदवायची? म्हणून पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो स्वतःच्या ईमेलवर आणि घरी एकाकडे असला तर ओळख पटवणं बरंच सोपं जातं.

कैलास मानसरोवरच्या यात्रेकरूंचा प्रश्न आणखी अवघड होता. खासगी कंपन्यांमार्फत नेपाळमार्गे गेलेले लोक तिबेटच्या बाजूला होते आणि परतीचा रस्ता नेपाळमधून होता. एका देशात आग लागली आणि ते दुसऱ्याच देशात खोळंबले. त्यांच्यासाठी काठमांडूतल्या नव्हे, तर बीजिंगमधल्या भारतीय दूतावासाने सूचना काढल्या. ज्या देशाच्या भूमीवर माणूस आहे, तिथला दूतावास त्याचा वाली. हे साधं गणित गडबडीत सुचत नाही.

सरकार विमान पाठवतं ते फुकट असतं का?

कधी असतं, कधी नसतं. इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो.

युक्रेनमधून २०२२ साली 'ऑपरेशन गंगा'त आणि सुदानमधून २०२३ साली 'ऑपरेशन कावेरी'त लोकांना आणलं, तेव्हा खर्च सरकारने उचलला. पण तिथे युद्ध पेटलेलं होतं. २०२० मध्ये कोविडच्या काळात 'वंदे भारत' मोहिमेत आलेल्यांनी तिकिटाचे पैसे स्वतः भरले. नेपाळमध्ये १० आणि ११ सप्टेंबरला एअर इंडियाने विशेष उड्डाणं केली, इंडिगोनेही जादा विमानं सोडली. ही मुख्यतः तिकीट काढून बसायची विमानं होती. भाडी अवाच्या सवा वाढवू नका, असं केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी कंपन्यांना बजावलं होतं.

राज्य सरकारांची तऱ्हाही वेगवेगळी असते. आंध्र प्रदेशाने आपल्या लोकांची यादी करून त्यांना आणायला खास विमानच पाठवलं. महाराष्ट्राने मंत्रालयातल्या राज्य आपत्कालीन कार्य केंद्रामार्फत पर्यटकांची नोंद घेतली आणि दूतावासाशी समन्वय ठेवला. यादीत नाव असणं हे दोन्ही ठिकाणी कळीचं ठरलं. जो कुठल्याच यादीत नाही, त्याला शोधणार कोण?

दूतावासाकडे पैसे नसतात असंही नाही. २००९ पासून 'भारतीय समुदाय कल्याण निधी' आहे. परदेशात संकटात सापडलेल्या भारतीयाच्या राहण्या-जेवणाची, अगदी परतीच्या तिकिटाचीही सोय त्यातून करता येते. पण ती खरोखर गरजू माणसासाठी, परिस्थिती पाहून. क्रेडिट कार्ड खिशात असलेल्या पर्यटकाचं हॉटेलचं बिल त्यातून भरलं जाईल, अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही. दूतावासाला परक्या देशात विमानतळ उघडायचा किंवा संचारबंदी उठवायचा अधिकारही नसतो. तो विनंती करू शकतो, गाडी मिळवून देऊ शकतो, सुरक्षित जागा सुचवू शकतो. पोखऱ्यासारख्या ठिकाणी तेवढंही मोलाचं ठरलं.

विमान कंपनी आणि विमा

भारतातल्या नियमांप्रमाणे विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं तर प्रवाशाला दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा मिळतो. मात्र वर जी नुकसानभरपाई असते, ती 'असाधारण परिस्थिती'त देणं कंपनीवर बंधनकारक नसतं आणि त्या परिस्थितीच्या यादीत राजकीय अस्थिरता आणि दंगल यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे तिकिटाचे पैसे परत मिळतील, पण हॉटेलातल्या तीन जादा रात्रींचं बिल सहसा प्रवाशाच्याच माथी. युरोपात नियम जरा उदार आहे. तिथून निघणाऱ्या विमानाच्या बाबतीत, कारण कंपनीच्या हातातलं नसलं तरी, अडकलेल्या प्रवाशाच्या जेवणाची आणि मुक्कामाची जबाबदारी कंपनीवरच राहते. आइसलँडच्या ज्वालामुखीमुळे २०१० मध्ये विमानं बंद पडली होती. त्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये हेच सांगितलं.

प्रवास विम्याचं काय? पॉलिसी घेताना बहुतेकजण औषधपाणी आणि हरवलेली बॅग एवढंच बघतात. युद्ध आणि यादवी बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेली असते. दंगल, संप, नागरी अशांतता यांबाबत प्रत्येक कंपनीचं वेगळं धोरण. काही ठिकाणी प्रवास रद्द झाल्याचा खर्च मिळतो, काही ठिकाणी नाही, काही ठिकाणी राजकीय कारणाने देश सोडावा लागला तर त्यासाठी वेगळं जादा कव्हर घ्यावं लागतं. एक नियम मात्र जवळपास सगळीकडे सारखा. बातमी आल्यानंतर काढलेला विमा त्या बातमीसाठी उपयोगाचा नाही. काठमांडूत धूर दिसल्यावर ॲपवर पॉलिसी काढली तर ती पुढच्या आजारपणाला कामी येईल, बंद विमानतळाला नाही.

ग्रुप टूरवाल्यांनी करारातलं बारीक अक्षर वाचलेलं बरं. कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाने मुक्काम वाढला तर खर्च पर्यटकाचा, असं कलम अनेक टूर कंपन्या टाकतात. तरीही ग्रुपमध्ये असण्याचा फायदा असतो. टूर मॅनेजरकडे सगळ्यांची यादी असते, स्थानिक गाडीवाला ओळखीचा असतो आणि चाळीस जणांचा आवाज एकट्याच्या आवाजापेक्षा लवकर ऐकू जातो.

व्हिसा संपला तर?

भारतीयांना नेपाळमध्ये व्हिसा लागत नाही, म्हणून ही डोकेदुखी टळली. इतर परदेशी पाहुण्यांसाठी नेपाळच्या इमिग्रेशन विभागाने सवलत दिली. ८ सप्टेंबरपर्यंत ज्यांचा व्हिसा वैध होता आणि जे त्यानंतर अडकले, त्यांना जादा शुल्क न घेता बाहेर पडू दिलं. पण अशी सवलत जाहीर होईपर्यंत माणूस कायद्याच्या दृष्टीने मुदतबाह्यच असतो. थायलंडमध्ये मुदत संपल्यावर एरवी दिवसाला ५०० बात दंड लागतो.

थायलंडचं उदाहरण आणखी एका कारणासाठी आठवण्यासारखं. २००८ च्या नोव्हेंबरअखेरीस तिथे पिवळे शर्टवाल्या आंदोलकांनी थेट बँकॉकचं सुवर्णभूमी विमानतळच ताब्यात घेतलं आणि आठवडाभर ते बंद राहिलं. साडेतीन लाखांच्या आसपास प्रवासी अडकले. नौदलाच्या ऊ-तपाओ तळावरून थोडी थोडी विमानं सोडण्यात आली, तिथे सामान तपासायची यंत्रंही पुरेशी नव्हती. त्याच आठवड्यात मुंबईवर २६/११ चा हल्ला झाला. बँकॉकमध्ये खोळंबलेल्या मुंबईकरांना आपलं शहर टीव्हीवर जळताना बघावं लागलं आणि घरी जायला विमान नव्हतं.

नेपाळमध्ये गोष्टी त्या मानाने लवकर निवळल्या. १२ सप्टेंबरच्या रात्री माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली, संचारबंदी उठली, बाजार उघडले. तोवर अडकलेले बहुतेक भारतीय घरी पोचले होते. सप्टेंबर-ऑक्टोबर हा तिथला ट्रेकिंगचा हंगाम. दसऱ्याच्या सुट्टीची बुकिंग रद्द होऊ लागली तेव्हा ठमेलमधल्या हॉटेलवाल्यांचं आणि वाटाड्यांचं पोट अडकलं. त्यांच्यासाठी कुठलंच विशेष विमान नव्हतं.